किरण आला, किरण आली, किरण आले: नवं नाव निवडण्याची रीत

नॉनबायनरी, म्हणजे स्वतःला निव्वळ पुरुष किंवा निव्वळ बाई न मानणाऱ्या व्यक्तीने नवं नाव घ्यायचं ठरवलं की पहिला विचार असतो, असं नाव शोधू ज्यावरून मुलगा की मुलगी ते कळणार नाही. मराठीत एवढ्यावर भागत नाही. "किरण" हे नाव कुणालाही शोभतं, पण समोरच्याने पुढचा शब्द उच्चारला की "आला" किंवा "आली" यातलं एक काहीतरी बाहेर पडतंच. मराठी क्रियापद माणसाचं लिंग विचारल्याशिवाय पुढे सरकत नाही. म्हणून इथे नाव एकटं निवडायचं नसतं. ते वाक्यात कसं बसतं, हाकेत कसं ऐकू येतं, घरच्यांच्या तोंडी त्याचं काय होतं आणि आधार कार्डावर ते कसं छापलं जातं, हे सगळं एकत्र बघायचं असतं. पुण्यात राहून हे टप्प्याटप्प्याने कसं करायचं ते इथे दिलं आहे. घाई नसेल तर नाव ठरवायला दोन-तीन महिने सहज द्या. कागदपत्रं त्यानंतर.

कानाला काय ऐकू येतं

मराठी कान नावाचा शेवट ऐकतो आणि अर्ध्या सेकंदात निकाल देतो. शेवटी "आ" आला की बाई: प्राजक्ता, क्षितिजा, अमृता. "कृष्णा"सारखा एखादा अपवाद सोडला तर आकारान्त नाव लिंगनिरपेक्ष म्हणून टिकत नाही. शेवटी व्यंजन ऐकू आलं की बहुधा पुरुष: प्राजक्त, क्षितिज, अमृत. "ई" आणि "ऊ" हे शेवट जास्त मोकळे आहेत. शशिकांतही शशी आणि शशिकलाही शशी. मधुकरचा मधू आणि मधुराची मधू. विजयचा विजू, विजयाची विजू.

व्यंजनान्त नावांत एक गट मात्र खास आपला आहे, शेवटी "ल" असलेला. स्नेहल, शीतल, मृणाल, हर्षल, कोमल, तेजल, सोनल. यातली स्नेहल, शीतल आणि मृणाल ही बऱ्यापैकी मधोमध आहेत. हर्षल पुरुषाकडे झुकतं. सोनल, कोमल आणि तेजल बाईकडे. मृणाल गोरे आणि मृणाल सेन ही दोन्ही नावं मराठी माणसाला सारखीच ओळखीची आहेत. संगीतकार स्नेहल भाटकर यांचं मूळ नाव वासुदेव होतं, "स्नेहल" हे त्यांनी पुढे घेतलेलं नाव. शीतल म्हटल्यावर पुण्यातल्या बहुतेकांना मुलगी आठवते, पण सांगली-कोल्हापूरच्या जैन घरांत शीतलनाथ तीर्थंकरांमुळे शीतल नावाचे काका हमखास भेटतात.

याखेरीज पिढ्यान्‌पिढ्या दोघांसाठी चालत आलेली काही नावं आहेत. माणिक हे त्यातलं फार सुंदर नाव, सध्या मागे पडलेलं. पुण्याच्या गायिका माणिक वर्मा आणि कवी ग्रेस, म्हणजे माणिक गोडघाटे, या दोघांचं हे पाळण्यातलं नाव. किरण, कमल आणि गुंजन आहेतच. नूतन आणि सुमन ही महाराष्ट्रात बाईकडे झुकतात, उत्तरेत सुमन नावाचे पुरुषही असतात. मुस्लिम घरांत नूर, शमीम, नसीम ही नावं दोन्हीकडे चालतात. सॅम, ॲलेक्स अशी नावं घेणारेही बरेच आहेत. सॅमची सोय अशी की ते समीर आणि समीक्षा या दोघांचंही लघुरूप म्हणून विनाचौकशी खपतं.

आणखी एक वाट आहे, नपुंसकलिंगी शब्दांची. क्षितिज, आभाळ, नक्षत्र, चांदणं, रान या सगळ्यांना मराठी "ते" म्हणते. "किरण" तर मजेचा शब्द आहे: एकटा असला की "तो किरण", अनेक झाले की बहुतेकांच्या तोंडी "ती किरणं". ज्यांना स्वतःबद्दल "ते आलं" असं रूप आवडतं त्यांना हे शब्द जवळचे वाटतात. अडचण अशी की शब्दाचं व्याकरणातलं लिंग आणि नाव म्हणून त्याला चिकटलेलं लिंग वेगवेगळं असू शकतं. क्षितिज हा शब्द नपुंसकलिंगी, पण क्षितिज नावाची व्यक्ती म्हटली की लोकांना मुलगाच दिसतो. आभाळ किंवा रान यांच्यावर तसा शिक्का नाही. मात्र बँकेच्या काउंटरवर "हे नाव आहे की आडनाव?" हा प्रश्न दर वेळी ऐकायची तयारी हवी.

एखादं नाव कुठे झुकतं हे स्वतःच्या कानावर सोडू नका. आपण ज्या घरात आणि शाळेत वाढलो तिथली माणसं आपल्या डोक्यात असतात. साठीच्या पुढचे पाच जण आणि पंचविशीच्या आतले पाच जण घ्या. "माणिक म्हटल्यावर कोण डोळ्यांसमोर येतं?" एवढंच विचारा, कशासाठी ते सांगू नका. दहापैकी सात किंवा जास्त जणांनी एकच बाजू सांगितली तर ते नाव झुकलेलं आहे. चार ते सहामध्ये आलं तर मधोमध. दुसरी सोय म्हणजे मतदार यादी. तिच्यात प्रत्येक नावासोबत वय आणि लिंग छापलेलं असतं, त्यामुळे आपल्या भागाची यादी चाळली की कुठलं नाव कोणत्या वयात कुणाचं आहे हे स्वच्छ दिसतं.

झुकलेलं नाव वाईट, असं मुळीच नाही. जन्माच्या वेळी मुलगा ठरवली गेलेली एखादी व्यक्ती "कोमल" घेते, कारण ते दुसऱ्या बाजूला झुकतं आणि तिच्या दाढीसोबत मिळून जो मधला बिंदू साधला जातो तोच तिला हवा असतो. आपल्याला नाव मधोमध हवं आहे, की दिसण्याला तोल देणारं हवं आहे, हे आधी स्वतःशी स्पष्ट करा. पुढची बरीच गोंधळाची भानगड त्याने वाचते.

नाव वाक्यात घालून बघा

यादी पाच-सहा नावांवर आली की प्रत्येकाची वाक्यं करा. कागदावर लिहा आणि मोठ्याने म्हणा:

किरणला सांग, मी खाली थांबलोय.
ही वही किरणची आहे.
किरणने भाजी आणली का?
किरणकडे चावी आहे.
किरण, फोन घे!
आमचे किरण आज येणार नाहीत.

पहिल्या वाक्याकडे नीट लक्ष द्या, कारण "ल" गटातली नावं तिथे अडखळतात. "स्नेहलला सांग" हे भरभर म्हटलं की दोन "ल" एकमेकांत मिसळतात आणि पलीकडे "स्नेहाला सांग" असं ऐकू जातं. मधोमध म्हणून निवडलेलं नाव विभक्ती लागताच मुलीचं होऊन बसतं. फोनवर तर हमखास. शीतलचं तसं होत नाही, कारण "शीताला" असं ओळखीचं नाव जवळपास नाही, ऐकणारा स्वतःच दुरुस्त करून घेतो. "नूतनने", "गुंजनने" यांत दोन "न" जवळ येतात, पण अर्थ बिघडत नाही.

हाकेची चाचणी दोन खोल्यांतून करा. कुकर लावून स्वयंपाकघरात थांबा आणि मैत्रिणीला दिवाणखान्यातून हाक मारायला सांगा. "मृणाल" शिट्टीच्या वर जात नाही. "शशी" टोकदार आहे, लगेच कळतं. रविवारी सकाळी फर्ग्युसन रस्त्यावर नाश्त्याला गेलात की वाट बघणाऱ्यांच्या यादीत नवं नाव द्या. गर्दीत ते पुकारलं गेल्यावर तुम्ही पहिल्या हाकेला वळता का, आणि पुकारणाऱ्याला ते पहिल्या झटक्यात वाचता येतं का, दोन्ही कळतं.

मग लघुरूपं. नाव तुम्ही निवडाल, पण त्याची मोडतोड मित्रमंडळीच करणार. मराठीत "-या" लावलं की पुरुषी सलगी येते: किऱ्या, सारंग्या, मन्या. "-ऊ" दोन्हीकडे चालतो: किरू, मृणू, शशू. स्नेहलचं "स्नेहा" होण्याचा धोका इथेही आहेच. त्यावर उपाय एकच: लघुरूपही तुम्हीच ठरवा आणि नाव सांगतानाच सांगून टाका, "माझं नाव किरण, किरू म्हटलं तरी चालेल." रिकामी जागा ठेवली की ती दुसरा कुणीतरी भरतो. "राव", "बाई", "ताई", "दादा" हेही जोडून बघा. माणिकराव आणि माणिकताई दोन्ही सारखेच सहज वाटतात, म्हणजे नाव खरोखर मधोमध आहे.

क्रियापदाचं काय करायचं

नाव सांगायच्या आधी याचं उत्तर तयार हवं, कारण पुढचा प्रश्न हाच येतो. मराठी नॉनबायनरी मंडळींत तीन रीती दिसतात.

पहिली, आदरार्थी अनेकवचन: "किरण आले, किरण म्हणाले." मराठीत वडीलधाऱ्यांसाठी हे रोजचंच असल्यामुळे ऐकणाऱ्याच्या जिभेला त्रास होत नाही. एक बारकावा आहे. "ते आले" हे मुळात पुल्लिंगी अनेकवचन आहे, पण "मी आले" हे मुलीचं एकवचन. म्हणजे "आले" हा एकच शब्द स्वतःबद्दल वापरला तर स्त्रीलिंगी आणि दुसऱ्याने वापरला तर पुल्लिंगी आदरार्थी ठरतो. काही जण हेच हेरून दोन्हीकडे "आले" धरतात. दुसरी रीत नपुंसकलिंगाची: "किरण आलं, मी आलं." बाळ, लेकरू, पोरगं यांना आपण असंच म्हणतो. कोकणात तर तरुण मुलीबद्दलही "ते गेलं" म्हणतात. त्यात माया आहे, पण कामाच्या ठिकाणी कुणाला ते लहान केल्यासारखं वाटू शकतं. आपल्याला कसं वाटतं ते आठवडाभर ऐकून ठरवा. तिसरी रीत, "आला" आणि "आली" ही दोन्ही रूपं आलटून पालटून.

ज्यांना यातलं काहीच अजून ठरवायचं नाही त्यांच्यासाठी मराठीतच दोन पळवाटा आहेत. भविष्यकाळाला लिंग नाही: "किरण येईल, मी जाईन." आणि "ने" लावलेल्या भूतकाळात क्रियापद कर्माप्रमाणे चालतं: "किरणने चहा घेतला, किरणने पोळी खाल्ली." इथे चहा पुल्लिंगी, पोळी स्त्रीलिंगी, किरणचा प्रश्नच नाही. "मला जायचंय", "मला वाटतं" हीसुद्धा तशीच मोकळी रूपं. ऑफिसच्या मेलमध्ये हे महिनोन्‌महिने कुणाच्या लक्षातही न येता वापरता येतं.

घरी सांगताना

घरचे म्हणतात, नाव बदलणं म्हणजे काहीतरी विपरीतच. त्यांना आठवण करून द्या की आपल्याकडे नाव बदलण्याचा विधी आहे. लग्नात ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीने नवं नाव लिहायचं, आणि आजीने, काकूने त्या दिवसापासून आयुष्यभर ते नाव वापरलं. सासरच्या पन्नास माणसांना नव्या नावाची सवय एका दुपारीत झाली होती. आजीला तिचं माहेरचं नाव विचारा. बऱ्याचदा सगळ्यात आधी ऐकणारी तीच निघते.

पत्रिका मानणारं घर असेल तर नावरसाचं अक्षर बघायला हरकत नसावी. 27 नक्षत्रं, प्रत्येकी चार चरण, अशी 108 अक्षरं पंचांगात दिलेली असतात. मृगशीर्षाची वे, वो, का, की. मघाची मा, मी, मू, मे. मृगाच्या चौथ्या चरणाला "किरण" बसतं, मघाच्या पहिल्याला "माणिक". आपल्याला आवडलेल्या तीन नावांतलं एक अक्षराला जुळत असेल तर तेच घेण्यात शहाणपण आहे. "पत्रिकेत बसतं" एवढ्या एका वाक्यावर घरातला निम्मा विरोध ओसरतो. पण आवडत नसलेलं नाव केवळ अक्षरासाठी घेऊ नका. नाव तुम्हाला रोज वापरायचं आहे.

आद्याक्षर जुनंच ठेवायचं का, हा प्रश्न सगळ्यांना पडतो. ठेवलं तर सही थोडीशीच बदलते आणि आद्याक्षरांवरून केलेला ऑफिसचा ईमेल तसाच राहतो. तोटा असा की घरच्यांची जीभ त्याच अक्षरावरून जुन्या नावाकडे घसरते. "स्वा..." म्हणून सुरुवात झाली की स्वातीच बाहेर येतं. जुनं नाव ऐकून फार त्रास होत असेल तर आद्याक्षर बदला.

"अरे" आणि "अगं" हा नावाहून मोठा खड्डा आहे. नाव नवं घेतील आणि "अगं किरण" म्हणतील. तेव्हा बदली शब्द द्या: नुसतं "ए किरण", किंवा थोरांना जमलं तर "अहो". काका-मावशी, ताई-दादा यांना मधला शब्द मराठीत नाही. धाकट्यांना सरळ नावाने किंवा लघुरूपाने हाक मारायला शिकवावं. पुण्यातून दर वर्षी पालख्या जातात तेव्हा बाई असो, पुरुष असो, वारकरी एकमेकांना "माउली" म्हणतात. वारकरी घरात वाढलेल्यांना हा शब्द आयता मिळतो, आणि तो घरातल्या कुणालाच परका वाटत नाही.

सांगताना एका बैठकीत एकच मागणी ठेवा. पहिल्या दिवशी नाव, आठ-पंधरा दिवसांनी क्रियापद. दोन्ही एकदम मागितलं की माणसं घाबरून गप्प बसतात आणि नावच टाळायला लागतात: "अगं ए", "तुझं ते", "इकडे ये". असं व्हायला लागलं तर रागावू नका, नाव घेऊन छोटं काम सांगा: "आई, डब्यावर किरण लिही ना." हाताने लिहिलेलं नाव तोंडात लवकर येतं.

तीन आठवड्यांची परीक्षा

कागदाला हात लावण्याआधी किमान एकवीस दिवस नाव वापरून बघा. एका वेळी एकच नाव, एकाच वर्तुळात. दोन वर्तुळांत दोन नावं चालवली की कुठलं रुळलं ते कळत नाही. सुरुवात अनोळखी लोकांपासून: रिक्षाचं ॲप, जेवण मागवायचं ॲप, शिंप्याकडची पावती. मग दोन-तीन जवळचे. रोज रात्री नवी सही दहा वेळा करा, बँकेत गेल्यावर ती स्थिर यायला हवी.

या काळात जुनं नाव कुठून कुठून बाहेर पडतं ते माहीत असू द्या. यूपीआयने पैसे दिले की दुकानदाराला बँकेतलं नाव दिसतं, तुम्ही ॲपमध्ये काहीही लिहिलेलं असो. यूपीआय आयडीतच जुनं नाव असेल तर नवा आयडी काढा, त्याला बँक बदलावी लागत नाही. ट्रूकॉलरवर इतरांनी जतन केलेलं नाव फिरत असतं. आणि सगळ्यात धोक्याची जागा म्हणजे सोसायटीचं गेट. पार्सलवर "किरण" लिहिलेलं, फ्लॅटच्या नोंदीत ते नाव नाही, मग वॉचमन इंटरकॉमवर घरी विचारतो, "किरण कोण राहतं तुमच्याकडे?" घरी अजून सांगितलं नसेल तर पार्सल ऑफिसच्या किंवा मित्राच्या पत्त्यावर मागवा.

तीन आठवड्यांनी स्वतःला विचारा: हाकेला न विचार करता वळता का? नवीन माणसाला नाव सांगताना आवाज खाली जातो का? पहिल्याचं उत्तर "नाही" असलं तरी अजून दोन आठवडे द्या. दुसऱ्याचं "हो" असेल तर नाव बदलून बघा. सोडून दिलेलं नाव म्हणजे फुकट गेलेला वेळ असं समजू नका, पुढच्या निवडीला तोच उपयोगी पडतो.

कागदपत्रं

पहिली गोष्ट ध्यानात ठेवा: नाव आणि लिंग या दोन वेगळ्या नोंदी आहेत. नाव कुणीही सज्ञान व्यक्ती बदलू शकते, त्यासाठी नॉनबायनरी असल्याचं सांगावंही लागत नाही. लिंगाच्या रकान्यात आधारमध्ये पुरुष, स्त्री आणि ट्रान्सजेंडर असे तीनच पर्याय आहेत. पॅनच्या अर्जात तिसरा पर्याय 2018 मध्ये आला. नॉनबायनरी असा वेगळा पर्याय नाही. त्यामुळे बरेच जण आधी फक्त नाव बदलतात आणि लिंगाच्या नोंदीचं सवडीने ठरवतात. आमच्या मते हाच क्रम कमी मनस्तापाचा आहे.

ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठीचा 2019 चा कायदा 10 जानेवारी 2020 पासून लागू झाला. त्यात ओळखपत्राचं प्रमाणपत्र जिल्हाधिकारी देतात आणि प्रमाणपत्र असलेल्या व्यक्तीला जन्मदाखल्यासह कागदपत्रांवर पहिलं नाव बदलण्याचा हक्क कलम 7 मध्ये दिला आहे. फक्त पहिलं नाव, मधलं आणि आडनाव नाही. या वाटेने जायचं असेल तर अर्ज करायच्या दिवशी राष्ट्रीय पोर्टलवरचे नियम आणि नमुने नव्याने वाचा, जुन्या छापील प्रतींवर विसंबू नका.

नुसतं नाव बदलायचं तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात ते प्रसिद्ध करावं लागतं. अर्ज शासकीय मुद्रण, लेखनसामग्री व प्रकाशन संचालनालयाकडे ऑनलाइन करता येतो. आधी पूर्ण नाव पक्कं करा, कारण राजपत्रात ते तिन्ही शब्दांचं जातं. मधलं नाव वडिलांचं ठेवायचं, आईचं घ्यायचं की काढायचं, हे याच वेळी ठरवा. मराठी आडनावांना लिंग नसतं, एवढी एक बाजू आपल्याला आयती सोपी आहे. जुनं नाव मात्र आधारवर आहे तसंच, अक्षर न् अक्षर लिहा. राजपत्रात जुनं आणि नवं नाव शेजारी शेजारी छापलं जातं आणि ते कुणालाही वाचता येतं, हेही आधीच लक्षात घ्या.

प्रतिज्ञापत्र करायला शिवाजीनगर कोर्टाच्या परिसरात गेलात की टायपिस्टकडे तयार मसुदा असतो. त्यात "सत्यप्रतिज्ञेवर सांगतो की" किंवा "सांगते की" असतं आणि तो तुमच्याकडे बघून एक निवडतो. वाद घालायची गरज नाही. "माझे कथन असे की" असं टाइप करायला सांगा. खाली "लिहून देणार" असतं, ते मुळातच लिंगनिरपेक्ष आहे. काही ठिकाणी वर्तमानपत्रातल्या जाहिरातीचं कात्रण मागतात. तिचा मजकूर असा ठेवा: "मी, (जुने पूर्ण नाव), रा. पुणे, माझे नाव बदलून (नवे पूर्ण नाव) असे केले आहे. यापुढे मला याच नावाने ओळखावे." "राहणारा" किंवा "राहणारी"ऐवजी "रा." पुरतं, आणि "केले आहे" हे नावाप्रमाणे चालतं. नावामागे काही लावायलाच लागलं तर "कु." लावा, ते कुमार आणि कुमारी दोघांचंही संक्षिप्त रूप आहे.

राजपत्र हातात आलं की क्रम असा: आधार, मग पॅन, मग बँक, मग पीएफ आणि बाकीचं. मतदार यादीतल्या दुरुस्तीला नमुना 8. हा क्रम उलटा केला की अडकायला होतं, कारण पॅन आणि पीएफ दोन्ही आधारशी जुळवून बघतात. आयकर विवरणपत्र भरायच्या दिवसांत, म्हणजे जून-जुलैत, पॅनला हात लावू नका.

आधारमध्ये नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, म्हणून केंद्रावर पावती हातात घेऊन देवनागरी ओळ वाचा. रोमन लिपीत न आणि ण एकच, त्यामुळे संगणक किरणचा "किरन" करतो, माणिकचा "मानिक", शशीचा "शशि". ऑपरेटर म्हणतो, इंग्रजी बरोबर आहे ना, मग झालं. झालेलं नसतं. तिथल्या तिथे मराठी अक्षर दुरुस्त करून घ्या आणि मगच सही करा. रोमन स्पेलिंगही एकदाच ठरवा. मृणाल लिहिताना र नंतर "यू" घालायचा की "आय", हे राजपत्राच्या अर्जाआधी पक्कं हवं, नंतर प्रत्येक कागदावर तेच.

दहावी-बारावीची आणि विद्यापीठाची जुनी प्रमाणपत्रं अनेकदा जुन्याच नावाने राहतात. त्यांच्यासोबत राजपत्राची प्रत जोडली की काम होतं. पुणे विद्यापीठाचं नाव 2014 मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झालं, त्याआधीच्या पदव्या आजही जुन्या नावानेच चालतात. खिडकीवरच्या माणसाने कुरकुर केली तर हे उदाहरण त्याला लगेच पटतं. राजपत्राच्या पीडीएफच्या दहा रंगीत प्रती काढून स्वतःच्या सहीने साक्षांकित करून ठेवा, फोनमध्येही एक असू द्या.

दारावरची पाटी सगळ्यात शेवटी बदला. ऑर्डर देताना नाव तोंडी सांगू नका, स्वतःच्या हाताने कागदावर लिहून द्या: ण बाणातला, शी दीर्घ, पुढे श्री. नाही, सौ. नाही. कच्चा नमुना बघितल्याशिवाय पितळेवर कोरायला देऊ नका.